अरुणा शानबाग यांच्यावर बोलायचंय, पण ती केस सोडून काय सांगू?

टोपीवाली_तिसरं_वर्ष

नमस्कार सगळ्यांना. मी जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे दरवर्षी १२ मेला नर्सेस डे होतो, दिवे लावायचे, शपथ घ्यायची, नाइटिंगेलबाईंवर चार जणी तेच भाषण करणार आणि मग वडापाव खाऊन सगळे घरी. यावेळी ट्यूटर मॅडम म्हणाल्या की १८ मेला अरुणा शानबाग यांची पुण्यतिथी असते तर कोणीतरी दहा मिनिटं बोला, आणि मी बावळटासारखा हात वर केला.

आता दोन दिवस शोधतेय तर जिथे बघावं तिथे फक्त ती रात्र, तो वॉर्डबॉय, कुत्र्याची साखळी आणि सुप्रीम कोर्ट. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात वॉर्डबॉयने गळ्याला कुत्र्याची साखळी आवळून त्यांच्यावर अत्याचार केला आणि त्या शेवटपर्यंत अंथरुणाला खिळल्या, हे प्रत्येकाला मिनिटामिनिटाने माहीत आहे पण त्याच्या आदल्या दिवशी त्या काय करत होत्या ते कुठेच नाही. त्या नर्स होत्या ना? मग नर्स म्हणून कोणी आठवण काढणार की नाही? समोर सगळ्या अठरा-वीस वर्षांच्या मुली बसणार आहेत, त्यांना परत तीच भीती घालून खाली बसायचं माझ्या जिवावर आलंय.

तर कोणाला काही माहीत असेल तर सांगा प्लीज. मराठीतच बोलायचं आहे.

---

कारवारी_तिसऱ्या

तू विचारलंस ते बरं केलंस. आमच्या बाजूची म्हणून थोडं सांगतो.

अरुणा हळदीपूरची. उत्तर कन्नड जिल्ह्यात होन्नावरजवळ हे गाव आहे, कारवारहून खाली समुद्राच्या कडेकडेने गेलं की लागतं. घरात कोंकणी. शानभाग हे आडनाव म्हणजे तुमच्याकडचं कुलकर्णी समज, गावचा हिशोब लिहिणारा. तिकडच्या त्या काळातल्या मुलीने घर सोडून मुंबईला नर्सिंगला जायचं हे आज वाटतं तेवढं सोपं नव्हतं, आमच्या आजीच्या पिढीत तर नर्स म्हटलं की लोक नाक मुरडायचे, 'कुणाचंही अंग पुसायचं काम' म्हणून. तरी ती गेली. परळला केईएममध्ये नोकरी लागली, तिथल्याच एका डॉक्टरशी लग्न ठरलं होतं आणि काही आठवड्यांवर आलं होतं. वय २५. १ जून १९४८ चा जन्म.

तिची ड्यूटी कुत्र्यांवर सर्जरीचे प्रयोग व्हायचे त्या विभागात होती. हे लोकांना विचित्र वाटतं पण मोठ्या टीचिंग हॉस्पिटलात तेव्हा असे विभाग असायचे आणि तिथेही सिस्टर लागायचीच.

आणि अजून एक, हे तुझ्या भाषणात घाल. २०११ ला कोर्टाच्या कागदात आलंय की तिला मासे आवडायचे, नॉनव्हेज भरवलं की कधीतरी हसायची. सदतीस वर्षं अंथरुणात, दिसत नाही, बोलता येत नाही, आणि मासा ओळखते! मी हे वाचलं तेव्हा आमच्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग काय, हळदीपूरची ना ती.

---

वकील_पण_गरीब

केस सोडून बोलायचं म्हणतेस पण पूर्ण सोडू नकोस, कारण त्या निकालातच नर्सिंगबद्दल जेवढं लिहून ठेवलंय तेवढं मी तरी दुसऱ्या कुठल्या निकालात वाचलेलं नाही. लोक फक्त 'पॅसिव्ह युथनेशियाला (उपचार थांबवून मरण येऊ देण्याला) परवानगी मिळाली' एवढी एक ओळ लक्षात ठेवतात.

थोडक्यात सांगतो. पिंकी विराणी या पत्रकार बाईंनी याचिका केली, अरुणाची 'नेक्स्ट फ्रेंड' म्हणून, म्हणजे जी स्वतः बोलू शकत नाही तिच्या वतीने, की हिला आता शांतपणे जाऊ द्या. ७ मार्च २०११ ला न्या. काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. तत्त्व म्हणून, काही अटींवर आणि हायकोर्टाच्या मंजुरीने, उपचार थांबवता येतील असं म्हटलं पण अरुणाच्या बाबतीत याचिका फेटाळली. का फेटाळली ते महत्त्वाचं. कायद्याच्या भाषेत प्रश्न असा होता की जी स्वतः बोलू शकत नाही तिच्या वतीने बोलणार कोण. आईवडील गेलेले, बाकी नातेवाईक वर्षानुवर्षं फिरकले नव्हते. कोर्टाने म्हटलं, विराणीबाईंची तळमळ खरी आहे पण तिचं जवळचं माणूस म्हणजे केईएमचा स्टाफ, रोज तिला न्हाऊमाखू घालणारे हे लोक, आणि त्यांना ती जगायला हवी आहे.

हे वाचून बघ एकदा. एका नर्सचे कुटुंबीय कोण, तर तिच्या वॉर्डातल्या इतर नर्सेस, हे देशाच्या सर्वोच्च कोर्टाने कागदावर मान्य केलं. दहा मिनिटांचं भाषण इथेच झालं तुझं.

केईएमच्या तेव्हाच्या डीनसाहेबांनी जे लेखी दिलं त्यात असंही आहे की एका निवृत्त सिस्टरने पगार न घेता तिची काळजी घ्यायची तयारी दाखवली होती. रिटायर झाल्यावर! आम्ही कोर्टातून सुटलो की कोर्टाच्या रस्त्यालाही जात नाही.

(आरोपीला जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढ्यावरच सात वर्षं झाली, बलात्काराचं कलम लागलंच नाही. हे तू बोल अगर नको बोलू, पण मुलींना माहीत असू दे.)

---

निवृत्त_सिस्टर_६८

मी स्वतः टाइप करतेय, सुनेने मोबाईलवर मराठी लावून दिलंय, चुका समजून घ्या. मी केईएमची नाही, महापालिकेच्याच दुसऱ्या हॉस्पिटलात ३४ वर्षं काढली. ट्रेनिंगला होतो तेव्हा अरुणाची गोष्ट आम्हाला पुस्तकातून नाही, सीनियरकडून कळली. ड्यूटी संपली की एकटी कपडे बदलायला जायचं नाही, दोघी जा, एकीने दाराशी उभं राहायचं. कोणी का विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. ती बेसमेंटला कपडे बदलत होती म्हणून.

पण बाळा तुझा प्रश्न नर्सिंगचा आहे तर मी नर्सिंगचंच सांगते. सगळे म्हणतात ४२ वर्षं सेवा केली सेवा केली. सेवा म्हणजे काय केलं? कोणी सांगत नाही. डीननी कोर्टाला काय लिहून दिलं माहीत आहे का, इतकी वर्षं बिछान्यात असून एकही बेडसोर नाही, एक हाड मोडलं नाही. बाकी लोक ही ओळ वाचून पुढे जातात. आम्ही सिस्टर लोक तिथेच थांबतो.

तुझ्या मुलींना अजून वॉर्ड कळलेला नसेल, त्यांना सांग. हाड आणि गादी यांच्या मधे चामडी दाबली जाते, तिथलं रक्त थांबतं. आधी नुसतं लाल दिसतं. त्याच्यावर बोट दाबून सोडायचं, जागा पांढरी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे, लालची लालच राहिली तर समज सुरू झालं. मग साल निघते, मग खड्डा पडतो, मग आतलं हाड दिसतं आणि वास सुटतो तो अख्ख्या वॉर्डाला कळतो. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर, डोक्याची मागची बाजू, अगदी कानाची पाळीसुद्धा. हे टाळायचं तर दर दोन तासांनी पोझिशन बदलायची. डावी कूस, उताणी, उजवी कूस. रात्री दोनला पण आणि चारला पण, दिवाळीत पण आणि २६ जुलैच्या पावसात रिलीव्हर आलीच नाही तेव्हा पण. चादरीला सुरकुती नको, बिस्किटाचा चुरा नको, ओलं तर अजिबात नको. आमच्या वेळी स्पिरिट पावडर लावून पाठ चोळायचो, आता म्हणतात लाल झालेल्या जागी चोळूच नका, बरोबर आहे ते.

मी काल कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला. दोन तासाला एक म्हणजे दिवसाला बारा वेळा. १९७३ चा नोव्हेंबर ते २०१५ चा मे. पावणेदोन लाखाच्या वर जातो आकडा. त्यातली एक पाळी कोणी 'बघू नंतर' म्हणून सोडली असती तर कळलं नसतं. चार सोडल्या असत्या तर पाठ बोलली असती.

भरवायचं पण असंच. २०१० च्या सप्टेंबरपर्यंत ती तोंडाने खात होती, कालवलेलं मऊ, मग ताप आला, बहुतेक मलेरिया, तेव्हापासून नाकातून नळी. तिला दिसत नव्हतं. ज्याला दिसत नाही त्याला भरवताना चमचा आधी खालच्या ओठाला नुसता टेकवायचा, थांबायचं, तोंड उघडलं की मग आत. डोकं उंच. गिळलं का घशाकडे बघायचं, मगच दुसरा घास. एक वाटी जेवणाला पाऊण तास जातो. घाई केली तर घास छातीत जातो आणि न्यूमोनिया. हे तीस पेशंट सांभाळून.

दमले. बाकी उद्या.

---

बोरिवली_स्लो

वरची पोस्ट वाचून पाच मिनिटं गप्प बसलो. बाबांना स्ट्रोक झाला तेव्हा एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात ठेवलं होतं, नाव घेत नाही, एसी, लॉबीत कॉफी शॉप, सगळं. नवव्या दिवशी घरी आणलं तर माकडहाडावर रुपयाएवढा खड्डा. डिस्चार्ज पेपरवर त्याचा शब्द नाही. तो भरायला आम्हाला सात महिने लागले, ड्रेसिंगला येणारी सिस्टर रोज म्हणायची काका थोडंच राहिलंय. नऊ दिवसात एक खड्डा, आणि तिकडे फुकटच्या पालिकेच्या हॉस्पिटलात ४२ वर्षांत एकही नाही. मला ते आकडे शेजारी ठेवल्यावरच कळलं.

तरी एक बोलतो, राग मानू नका. बाबा शेवटचं वर्ष ज्या अवस्थेत होते ते बघून मला विराणीबाईंचं म्हणणंही पटतं. कोर्टाने नेमलेली डॉक्टरांची टीम अरुणाला तपासायला गेली तेव्हा तिचे हातपाय आखडलेले, खोलीत गर्दी झाली की अस्वस्थ व्हायची. एवढं चांगलं सांभाळलं म्हणून एवढी वर्षं ती तशी राहिली, असंही कोणी म्हणू शकतं ना? प्रेम आहे मान्य, पण जिला विचारताच येत नाही तिच्यावर केलेलं प्रेम.

---

निवृत्त_सिस्टर_६८

राग नाही हो. तुम्ही केलंय म्हणून बोलताय. आमच्यातही दोन मतं होतीच, डब्याच्या वेळेला भांडणं व्हायची या विषयावर. माझी एक मैत्रीण होती ती सरळ म्हणायची देवाने सोडवावं तिला. आणि हीच मैत्रीण स्वतःच्या वॉर्डातल्या कोमातल्या पेशंटला रोज वेणी घालायची, नातेवाईक येत नव्हते तरी. दोन्ही एकाच बाईत असतं.

तिकडच्या मुलींनी निकाल लागल्यावर केक कापला, मिठाई वाटली, टीव्हीवर बघितलं असेल. बाहेरच्यांना ते विचित्र वाटलं. पण त्याआधी काय झालं होतं ते बघा, ती पलंग अडवून बसलीय म्हणून पालिकेने तिला दुसरीकडे हलवायचा घाट घातला होता, एकदा नाही दोनदा, आणि नर्सेस आंदोलनाला उभ्या राहिल्या तेव्हा मागे घेतलं. वॉर्ड नंबर ४ च्या बाजूची खोली तिची ती तिचीच राहिली. ज्यांनी खोलीसाठी भांडण केलं त्या निकालानंतर मिठाई वाटणारच.

---

नाइट_ड्यूटी_चालू

मी आत्ता ड्यूटीवर आहे, ब्रेकमध्ये लिहितेय. खूप भावनिक चाललंय इथे म्हणून थोडं थंड पाणी ओतते.

टोपीवाली, तुझ्या भाषणात 'त्याग' 'समर्पण' 'सेवेची मूर्ती' हे शब्द आले तर मी मागच्या बाकावरून उठून जाईन. कोर्टानेही तेच म्हटलं, देशाने यांच्याकडून समर्पण शिकावं वगैरे. छान. आम्हाला देवी म्हटलं की कोणाला चेंजिंग रूम बांधावी लागत नाही. १९७३ ला अरुणाच्या वेळी मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या होत्या, हे किती जणींना माहीत आहे? तिला न्याय आणि आम्हाला सुरक्षित जागा, एवढंच मागणं होतं. ऑगस्ट २०२४ ला कोलकात्यात आरजी कर हॉस्पिटलात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून खून झाला तेव्हा सरन्यायाधीशांनी कोर्टात अरुणा शानबागचं नाव काढलं, म्हणजे पन्नास वर्षांनी उदाहरण द्यायला अजून तीच. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे. मी आत्ता जिथे बसलेय तिथल्या नर्सेस रूमची कडी गणपतीपासून तुटलेली आहे, बांधायला सलाईनचा सेट वापरलाय. चाळीस पेशंट, मी आणि एक मावशी. दोन तासांनी पोझिशन द्यायची मला पण इच्छा आहे हो सिस्टर.

तर आठवण काढायचीच तर संपाची पण काढ. अरुणाची आठवण म्हणजे फक्त बेडवर पडलेली बाई नाही.

आणि केईएमच्या सिस्टर लोकांबद्दल मला आदरच आहे, गैरसमज नको. तिकडे नवीन आलेल्या मुलींना तिच्या खोलीत नेऊन ओळख करून द्यायचे, की ही आपल्यातलीच. अरुणाचं वय वाढत गेलं आणि तिला न्हाऊ घालणाऱ्या मुली मात्र तिच्यानंतर जन्मलेल्या, मग त्यांच्याही नंतर जन्मलेल्या. या मुलींनी तिला कधी उभी पाहिली नव्हती. तरी आपली. हे मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त लागतं.

बेल वाजली, जाते.

---

कारवारी_तिसऱ्या

शेवटचं राहिलं ते सांगतो. मे २०१५ ला न्यूमोनिया झाला, काही दिवस व्हेंटिलेटर, आणि १८ तारखेला सकाळी गेली. ६७ पूर्ण व्हायला दोन आठवडे होते. भोईवाड्याच्या स्मशानात नेलं, हॉस्पिटलपासून जवळच आहे ते. युनिफॉर्ममधल्या सिस्टरच सिस्टर होत्या. टीव्हीवर बघत होतो, आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं, आई उठून आत गेली आणि आंघोळीचं पाणी तापवायला लावलं. आपलं कोणी गेलं की करतात तसं. आम्ही तिचे कोणी लागत नव्हतो.

---

वकील_पण_गरीब

नाइट ड्यूटी मॅडमना अनुमोदन. आणि कायद्याचा धागा पूर्ण करायचा असेल तर ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आधीच लिहून ठेवायची, म्हणजे लिव्हिंग विलची, सोय मान्य केली. बोरिवलीकरांचा जो प्रश्न आहे, जिला विचारताच येत नाही तिचं काय, त्यावर कायद्याने काढलेला मार्ग हा, की बोलता येतंय तोवर लिहून ठेवा. मी स्वतः लिहून ठेवलंय. बायकोने कपाटात कुठे ठेवलंय ते मात्र विचारू नका.

---

टोपीवाली_तिसरं_वर्ष

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना थँक्यू. रात्री रूममेटला सगळा धागा वाचून दाखवला, ती मासे आवडायचे तिथे रडली आणि सलाईनच्या सेटने बांधलेल्या कडीला हसली, आमच्या होस्टेलच्या बाथरूमची पण तशीच आहे.

तर असं ठरवलंय. भाषण करत नाही. डेमो रूममधला बेड स्टेजवर आणणार, रूममेट पेशंट होणार आणि मी तिची पोझिशन बदलत बदलत बोलणार. हळदीपूर, मासे, १९७३ चा संप, खोलीसाठी केलेलं भांडण. पावणेदोन लाखाचा आकडा निवृत्त सिस्टरांच्या हिशोबाने सांगणार, चालेल ना? मॅडमना विचारलं तर त्या आधी कपाळाला आठ्या घालून बघत होत्या, मग म्हणाल्या बेड नेताना लिफ्टमध्ये बसतो का ते बघ.

एकच अडचण. मी कितीही वेळा प्रॅक्टिस केली तरी एकटीने वळवताना चादर गोळा होते. दोघी नसतील तर कसं करायचं?

---

निवृत्त_सिस्टर_६८

हिशोब खुशाल सांग, कॅलेंडर जपून ठेवलंय.

एकटीने असेल तर ड्रॉ शीट घे, म्हणजे पेशंटच्या अंगाखाली आडवी घालायची चादर. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल एवढी, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. ज्या कुशीवर वळवायची त्या बाजूला तू उभी राहा, तिचा तुझ्याकडचा हात आधी वेगळा काढून ठेव म्हणजे अंगाखाली सापडणार नाही, पलीकडचा छातीवर घे, पलीकडचा गुडघा वाकव. मग ड्रॉ शीटची पलीकडची कड मुठीत गुंडाळून धर आणि स्वतःकडे ओढ, पाठीने नाही, मांडीच्या जोराने. वळली की पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मधे उशी, टाच अधांतरी. शेवटी हात घालून खालची चादर ताण.

आणि ओढायच्या आधी तिला सांग, वळवतेय म्हणून. ऐकू येत नसलं तरी.